काशाची वाटी आणि परत आलेली झोप : तुमचे अनुभव सांगा

ओसरी
परवा गोधड्यांना ऊन दाखवायचं म्हणून माळ्यावरची आईची पत्र्याची ट्रंक खाली काढली. तळाशी जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळलेली काशाची वाटी निघाली. बूड घासून घासून पातळ झालेलं, काठाला एक पोचा. हातात घेतली आणि एकदम गावचं माजघर समोर आलं. आजी रोज रात्री आजोबांच्या तळपायाला तूप लावून ही वाटी फिरवायची, आणि परीक्षेच्या दिवसांत आम्हा नातवंडांचाही नंबर लागायचा. आधी गार लागायची, मग गुदगुल्या, मग कोमट, आणि त्यापुढचं कधी आठवायचंच नाही, सकाळच व्हायची.

आई दोन वर्षं अंथरुणाला खिळून होती. रात्री ३ ला तिची कूस बदलायची असायची. ती जाऊन आता आठ महिने झाले तरी बरोबर ३ ला डोळे उघडतात आणि कान तिच्या खोलीकडे लागतात. डॉक्टरांना दाखवलं, थायरॉइड, बी-१२ सगळं बघून झालं, रिपोर्ट ठीक आहेत. त्यांनी सांगितलं, शरीर अजून पहाऱ्यावर आहे, त्याला पहारा उठल्याचं कळायला वेळ लागेल. ते वाक्य माझ्या फार उपयोगी पडलं.

तर अकरा दिवस झाले, रोज स्वतःच स्वतःच्या पायाला वाटी घासतेय. झोप लगेच आली नाही. पण चौथ्या-पाचव्या दिवशी लक्षात आलं की खांदे खाली आलेत. इतके दिवस ते कानाशी चढवून बसले होते हेच मला माहीत नव्हतं. तुम्ही काय केलंत, कशाने शरीर निवांत झालं ते लिहा. औषधाचं असेल तरी लिहा.

सांजवात
कान तिच्या खोलीकडे... अगदी. सासऱ्यांचं ऑक्सिजनचं मशीन घरून परत गेलं त्यानंतरही मला महिनाभर त्याची घरघर ऐकू यायची. ताई, आठ महिने म्हणजे काहीच नाहीत. जपा.

फळा आणि खडू
तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलंय म्हणून आधी एक सांगतो. वाटी घासल्यावर तळपाय काळे होतात, तेव्हा 'बघा किती उष्णता बाहेर पडली' असं सगळे म्हणतात. कासं म्हणजे तांबं आणि कथील यांचा मिश्रधातू. तुपातली स्निग्ध आम्लं आणि आपला घाम यांच्याशी त्यातलं तांबं थोडं लागतं, म्हणून काळं येतं. शरीरातून काही निघत नाही. पण म्हणून वाटी खोटी असं मी अजिबात म्हणणार नाही. आमच्या हिच्या केमोच्या वेळी पायाची आग व्हायची, तिच्या डॉक्टरांना विचारून रोज रात्री दहा मिनिटं हलक्या हाताने मी वाटी फिरवायचो. त्या दहा मिनिटांत आम्ही दोघं काहीच बोलायचो नाही आणि तिचा श्वास संथ झालेला मला दिसायचा. जे काम होतं ते त्या सावकाश, एका लयीतल्या स्पर्शाचं होतं असं माझं मत आहे.
ज्यांना डायबेटीसमुळे पायाला बधिरपणा आहे त्यांनी मात्र जोर लावून घासू नका, सोललं तरी कळत नाही.

घाईघाईत
वाटी कुठे मिळेल?? ऑनलाइन दिसतायत त्या खऱ्या काशाच्या असतात का, की पितळच असतं

फळा आणि खडू
@घाईघाईत बोटाच्या टोकावर उलटी तोलून काठावर टिचकी मारून बघा. काशाचा नाद घंटेसारखा लांब घुमतो. पितळेचा नाद तेवढा टिकत नाही.

रात्रपाळी
सरकारी दवाखान्यात नर्स आहे, १९ वर्षं झाली, त्यातल्या निम्म्या नाइट. आमच्या बाबतीत सगळं उलटं. शरीरात घड्याळ कसं चालतं त्या शोधाला २०१७ चं नोबेल मिळालं तेव्हा आमच्या वॉर्डात एक सिस्टर म्हणाली होती, अगं हे आपल्याला विचारलं असतं तरी सांगितलं असतं 😀 मी काय करते ते सांगते, कोणाला उपयोग झाला तर. रात्री २ नंतर चहा बंद, कारण कॅफिन पाच-सहा तासांनीसुद्धा निम्मं अंगात असतं. सकाळी घरी जाताना काळा गॉगल, रिक्षात पण काढत नाही, डोळ्यांत ऊन गेलं की मेंदूला वाटतं दिवस उजाडला. घरी गेल्यावर गरम पाण्याने आंघोळ, दोन घास मऊ भात, जाड पडदा. आणि दारावर पाटी, बेल वाजवू नये. ही पाटी लावायला मला १२ वर्षं लागली. बाईमाणूस दिवसा झोपलंय हे शेजारपाजार सोडा, घरच्यांना पण पटत नाही. आधी मी ड्युटी करून येऊन डबे करायचे, मग चक्कर येऊन पडले तेव्हा नवऱ्याने डबे हातात घेतले.

सांजवात
@रात्रपाळी पाटीबद्दल तुम्हाला साष्टांग नमस्कार ताई

चिंचेचं बन
माझं बाळ चार महिन्यांचं आहे, मांडीवर घेऊन एका हाताने टाइप करतेय, चुका होतील. झोपेबद्दल मी काय सांगणार. पण मालीशवाल्या मावशी सव्वा महिना यायच्या, बाळाचं झालं की माझं. पहिल्या दिवशी त्यांनी पाठीवर कोमट तिळाचं तेल ओतून दोन्ही तळहात नुसते ठेवले, चोळलं पण नाही, आणि मला एकदम रडूच फुटलं. काहीच झालं नव्हतं, घरचे सगळे चांगले आहेत. मावशी म्हणाल्या रडून घे गं, सगळ्या रडतात, आणि हात उचलला नाही. नंतर ओव्याची धुरी आणि शेक. धुरीने काय होतं माहीत नाही, बाळाला मी धुरापासून लांबच ठेवलं, पण दिवसभरात माझ्याकडे कोणी बघितलंय तर ती तेवढीच वेळ होती. उठला, येते

ओसरी
@चिंचेचं बन सावकाश ये गं. रडू फार दिवस येत राहिलं, नकोसं वाटायला लागलं तर मात्र डॉक्टरांच्या कानावर घाल, बाळंतपणानंतर होतं तसं आणि त्याला उपाय असतात.

दीर्घ श्वास
लोणावळ्याला कैवल्यधामला आठवडाभर राहिलो होतो, बीपी वाढलं तेव्हा. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली ही संस्था काढली आणि प्राणायामाने शरीरात नेमकं काय होतं ते त्या काळात प्रयोगशाळेत उपकरणं लावून मोजायला सुरुवात केली, हे मला तिथे जाईपर्यंत माहीत नव्हतं. माझ्या डोक्यात योग म्हणजे टीव्हीवर पोट आत घेणारे लोक. तिथे शिकलेली गोष्ट इतकी साधी आहे की सांगताना लोकांना पटत नाही. मनगटावर नाडी धरा. श्वास घेताना ती जरा पळते, सोडताना जरा थांबल्यासारखी होते. हे स्वतःच्या बोटाखाली कळतं. श्वास सोडताना व्हेगस नर्व्ह, म्हणजे मेंदूकडून हृदयाकडे येणारी नस, हृदयाला आवर घालते म्हणून असं होतं, शाळेत परानुकंपी चेतासंस्था म्हणून पाठ केलं होतं बघा, त्यातलीच ती. म्हणून श्वास सोडणं लांबवायचं. चार आकड्यात घ्यायचा, सहा आकड्यात सोडायचा, म्हणजे मिनिटाला साधारण ६ श्वास होतात. जबरदस्ती नाही, गुदमरायला लागलं तर सोडून द्या. पहाटे ३ ला जाग आली की मी घड्याळ न बघता नाडी धरतो. झोप लागते कधी, कधी नाही लागत, पण छातीतली धडधड जाते. बीपीची गोळी चालूच आहे, ती बंद केलेली नाही, कोणी करू नये.

पाणंद
सगळ्यांचं वाचलं. आमच्याकडं शेतीला थ्री फेज लाईट एक आठवडा दिवसाची, एक आठवडा रात्रीची. रात्री साडेबाराला मोटर चालू करायला जायचं, हातात बॅटरी, पायात बूट, जनावराची भीती. पहाटेपर्यंत दारं मोडायची, म्हणजे पाणी एका सरीतून दुसऱ्या सरीत वळवायचं, आणि सकाळी परत धार काढायला. मोबाइल लांब ठेवा, एकाच वेळी झोपा असं सगळीकडं लिहितात, ते आम्ही कसं करायचं. वडील बांधावर उकिडवे बसून पाच-पाच मिनिटं डुलकी घ्यायचे, पाणी सरीच्या टोकाला पोचलं की आवाज बदलतो, त्या आवाजाने उठायचे. दोन वर्षांपूर्वी सोलर पंप बसला. दिवसा पाणी सुटतं. पहिल्या महिन्यात मी सलग नऊ-नऊ तास झोपलो, बायको उठवून बघायची बरं आहे ना म्हणून. माझी चिडचिड, पित्त, डोकेदुखी ज्याला मी स्वभाव समजत होतो ते सगळं निम्म्यावर आलं. आरोग्याचा एवढा मोठा उपाय दवाखान्यात नव्हता, लाईटीत होता.

रात्रपाळी
@पाणंद दादा, हे वाचून अंगावर काटा आला. आमच्याकडे साप चावलेले शेतकरी रात्री येतात ते असेच पाणी द्यायला गेलेले असतात.

दुपारची पेठ
वामकुक्षीचं कोणीच कसं लिहिलं नाही! आमचं दुकान वडिलांपासून १ ते ४ बंद, आणि आम्ही खरंच झोपतो. वाम म्हणजे डावी, डाव्या कुशीवर पडायचं. मला ॲसिडिटीचा त्रास होता, पोटाच्या डॉक्टरांनी पण हेच सांगितलं, डाव्या कुशीवर जठरातलं आम्ल घशाकडे कमी येतं. पण अर्ध्या तासाच्या वर नाही हां. दोन तास ताणली की रात्री छताकडे बघत बसायचं.

घाईघाईत
मग १ ते ४ मधले बाकीचे अडीच तास काय करता 😄

दुपारची पेठ
@घाईघाईत जेवण, पेपर, आईशी गप्पा, आणि हिशेब. आई ८६ वर्षांची आहे, तिच्याशी बसायला हीच वेळ मिळते.

क्लाइडकाठी
ग्लासगोहून. इथे डिसेंबरात पावणेनऊला उजाडतं आणि पावणेचारला अंधार. पहिल्या हिवाळ्यात मला वाटलं आपल्याला काहीतरी मोठं झालंय, दिवसभर झोप आणि रात्री टक्क जागी. डॉक्टरांनी व्हिटॅमिन डी दिलं आणि सकाळचा उजेड चुकवू नको म्हणाल्या, ढगाळ असला तरी बाहेर पड. दुसरं म्हणजे दर शनिवारी पाच-सात घरं जमून भजन करतो. मला सूर नाही. पण अभंगाची ओळ ओढून म्हणताना श्वास आपोआप लांब सुटतो, वरच्या दादांनी लिहिलंय तसंच. शनिवारी रात्री मला हमखास झोप लागते, इतकी वर्षं मी श्रेय खिचडीला देत होते.

टाळ
भजनावरून आठवलं. मागच्या तीन वाऱ्या आळंदी ते पंढरपूर चाललो. दिवसभर चालून पाय भाकरीसारखे टम्म झालेले, आणि मुक्कामाला गावातली तरुण पोरं तेलाच्या बाटल्या घेऊन बसलेली, या माउली म्हणून पाय ओढून घेतात. मी बँकेत मॅनेजर, आयुष्यात कोणाला पायाला हात लावू दिला नव्हता, फार संकोच झाला. त्या पोराने माझ्या टाचेवर अंगठा रोवला आणि मला तिथेच ताडपत्रीवर झोप लागली, शेजारी लाउडस्पीकर चालू होता. घरी पाच हजारांच्या गादीवर लागत नव्हती. पुढच्या वर्षी मी पण बाटली घेऊन बसलो.

मधली सुट्टी
जरा वेगळं लिहिते पण लिहायलाच हवं. माझे मिस्टर दिवसा पेंगायचे, गाडी चालवताना एकदा डोळा लागला होता. आम्ही तीन वर्षं जायफळाचं दूध, अश्वगंधा, पायाला तेल, ब्राह्मीचं तेल डोक्याला, सगळं केलं. ते घोरायचे आणि मध्येच आवाज बंद व्हायचा, मला वाटायचं बरं झालं शांत झोपले. तो श्वास थांबत होता. स्लीप ॲपनिया. झोपेची तपासणी केल्यावर कळलं, आता मशीन लावून झोपतात आणि सकाळी टवटवीत असतात. ती शांतता मी तीन वर्षं चांगली समजत होते याचं मला अजून वाईट वाटतं. घरात कोणी असं घोरत असेल तर आज रात्री जागून ऐका. आणि जायफळ चिमूटभरच, जास्त झालं तर बाधतं.

ओसरी
@मधली सुट्टी तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत. माझा भाऊ असाच घोरतो, आत्ताच वहिनीला फोन केला.
@टाळ तुमचं वाचून मी काल पहिल्यांदा लेकीला म्हटलं, जरा माझ्या पायाला वाटी फिरव. स्वतः घासण्यात आणि दुसऱ्याने घासण्यात किती फरक आहे! तिने कानात इअरफोन घालून दोन मिनिटं केलं, मग इअरफोन काढले आणि आजीचं काहीबाही विचारत राहिली. जाग आली तेव्हा ४:४० झाले होते. तीनची वेळ मी झोपेत ओलांडली, आठ महिन्यांत पहिल्यांदा.

सांजवात
४:४०!!! ताई 🙏🙏

घाईघाईत
आज तांबट आळीत जाऊन टिचकी मारून वाटी आणली. दुकानदार विचारत होते हे कोणी शिकवलं. आता तूप घ्यायचं का तेल

फळा आणि खडू
@घाईघाईत तूप. अर्धा चमचा पुरे. आणि झाल्यावर पाय पुसा, फरशीवर घसराल.

रात्रपाळी
आत्ता आले ड्युटीवरून. पडदा ओढलाय, पाटी लावलीय. बाकीचं उठल्यावर वाचते.