इंदूरमध्ये पालकांसाठी समुपदेशक हवा आहे (मुलासाठी नाही, आमच्यासाठी)

नमस्कार. आम्ही रामबागेत राहतो. आमच्या सतरा वर्षांच्या लेकीने दिवाळीत सांगितलं, "आई, मी मुलगा आहे." तेव्हापासून 'तो' म्हणायचा प्रयत्न करतेय, पण जीभ अडखळते.

तो ठीक आहे, उलट आता हसतो तरी. कोलमडलोय आम्ही. यांनी जेवताना बोलणंच सोडलंय. सासूबाईंनी मात्र केस कापायला स्वतः पैसे दिले, आता बोला!

एका समुपदेशकांकडे गेलो, तर म्हणाले, "सहा महिन्यांत सरळ करतो." घरी येऊन वाचलं, तर असे 'बदलण्याचे' उपचार राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्येच डॉक्टरांसाठी व्यावसायिक गैरवर्तन ठरवलेत. परत गेलो नाही.

१४४१६ ही सरकारी टेलिमानस हेल्पलाइन ठाऊक आहे. 'स्वीकार' या पालकांच्या गटाबद्दलही ऐकलंय, तिथे कुणी आहे का? पण यांना समोर बसून बोलणारं माणूस हवं, मराठी किंवा हिंदीत. इंदूर नाहीतर उज्जैन, भोपाळही चालेल. स्वतः अनुभव घेतला असेल तरच नाव सुचवा, तेही मेसेजमध्ये. नातेवाईक इथेही आहेत.