मदत हवी आहे: दोन्ही कार्डं जीटी ७३०, पण व्हल्कन एकावरच दिसतंय (उबुंटू, टर्मिनलवरून तपासणी)

नमस्कार मंडळी,

आमच्या तालुक्यातल्या एका शाळेला माजी विद्यार्थ्यांनी जुने डेस्कटॉप दिलेत, दहा-बारा आहेत, सगळ्यांवर उबुंटू २२.०४ टाकलंय. आठवी-नववीच्या मुलांना गोडो ४ वर छोटे गेम बनवायला शिकवायचेत आणि मुलं अक्षरशः वाट बघतायत. त्यासाठी कुठल्या मशीनमध्ये कुठलं ग्राफिक कार्ड आहे, व्हल्कन चालतं का, ओपनजीएल कितवं मिळतं (दोन्ही म्हणजे प्रोग्रामने कार्डाकडून चित्र काढून घ्यायच्या पद्धती) अशी यादी हवीये. मॉनिटर कमी आहेत म्हणून मी एकाच मशीनवरून एसएसएचने (म्हणजे नेटवर्कवरून लॉगिन करून) प्रत्येकात शिरून छोटी शेल स्क्रिप्ट चालवतो, ती एलएसपीसीआय (मशीनमधली कार्डं दाखवणारी कमांड) च्या आउटपुटमधून व्हीजीएवाली ओळ पकडून चौकोनी कंसातलं नाव काढते आणि मग व्हल्कनइन्फो, ग्लक्सइन्फो (व्हल्कनची आणि ओपनजीएलची माहिती देणाऱ्या कमांड) चालवून सगळं एका फायलीत लिहिते.

आता अडचण अशी की दोन मशीनवर नाव येतं जीफोर्स जीटी ७३०, दोन्हीवर एनव्हिडियाचा ४७० ड्रायव्हर टाकलाय, एकावर व्हल्कनइन्फो कार्ड दाखवतो आणि व्हर्जन १.२ सांगतो, दुसऱ्यावर मात्र फक्त एलएलव्हीएमपाइप (कार्डाऐवजी प्रोसेसरनेच चित्र काढणं) येतं आणि एनव्हिडिया-एसएमआय (कार्डाची स्थिती दाखवणारी कमांड) म्हणतो ड्रायव्हरशी बोलताच येत नाही. ड्रायव्हर काढून परत टाकला, रीस्टार्ट केलं, काही फरक नाही. कार्ड खराब आहे का?

दुसरं म्हणजे इंटेल एचडी ५३० वाल्या मशीनवर समोर बसून बघितलं तर व्हल्कन व्यवस्थित दिसतं, आणि तेच एसएसएचने बघितलं की पुन्हा एलएलव्हीएमपाइप. आणि ग्लक्सइन्फो तर एसएसएचवर डिस्प्ले उघडता येत नाही म्हणून थांबतोच. मॉनिटर न लावता खरी माहिती काढायचा काही मार्ग आहे का? कृपया सांगा.

प्रतिसाद १

कार्ड खराब नाहीये, वेगळं आहे. जीटी ७३० याच नावाने २०१४ मध्ये दोन पिढ्यांच्या चिप बाजारात आल्या. एक फर्मी, म्हणजे जीएफ१०८, ९६ कोर आणि १२८ बिटची मेमरी बस. दुसरी केप्लर, जीके२०८, ३८४ कोर आणि ६४ बिटची बस. फर्मीला एनव्हिडियाने व्हल्कन कधी दिलंच नाही, त्यामुळे कितीही ड्रायव्हर बदलले तरी त्या मशीनवर ते येणार नाही. आणि ४७० ड्रायव्हर केप्लरपासून पुढे चालतो, फर्मीसाठी शेवटची मालिका ३९० ची, म्हणून तुमचा एसएमआय गप्प आहे.

एलएसपीसीआयला दोन वेळा एन हा ऑप्शन (डॅश एनएन) द्या, म्हणजे नावापुढे आयडी पण छापतो. १०डीई:०एफ०२ दिसलं तर फर्मी, १०डीई:१२८७ दिसलं तर केप्लर. तुमची स्क्रिप्ट कंसातलं नाव तेवढं ठेवते ना, त्याच्या आधी चिपचं नाव असतं तेच गळतंय. यादीत आयडीचा रकाना ठेवाच, नावावर विसंबू नका. सोबत के ऑप्शन पण द्या, म्हणजे प्रत्यक्षात कुठला कर्नल ड्रायव्हर लागलाय तेही कळतं, नूवो (एनव्हिडिया कार्डांसाठीचा खुला ड्रायव्हर) की एनव्हिडियाचा स्वतःचा की इंटेलचा आय९१५.

आणि एक, फक्त व्हीजीए शब्द शोधत असाल तर पुढे कधी लॅपटॉप आला की त्याचं वेगळं कार्ड सुटेल, कारण ते बऱ्याचदा ३डी कंट्रोलर म्हणून येतं.

प्रतिसाद २

इंटेलवाल्याबद्दल. बहुतेक परमिशनचा प्रश्न आहे. मशीनसमोर लॉगिन करणाऱ्याला सिस्टिमडी आपोआप /डेव्ह/डीआरआय मधली फाइल वापरायची परवानगी देते, एसएसएचने येणाऱ्याला देत नाही. उबुंटूवर रेंडरडी१२८ ही फाइल रेंडर ग्रुपच्या ताब्यात असते. युजरला त्या ग्रुपमध्ये टाका, लॉगआउट करून परत या, मग व्हल्कनइन्फो समरी ऑप्शन लावून बघा. समरीमध्ये डिव्हाइस टाइप बघायला विसरू नका. तिथे सीपीयू असं आलं तर ते कार्ड नाही, प्रोसेसरच सगळं चित्र काढतोय. एलएलव्हीएमपाइप म्हणजे तेच. तुमची स्क्रिप्ट नुसतं व्हल्कन आहे की नाही एवढंच बघत असेल तर अशा मशीनपुढेही हो लिहील आणि पोरं गोडो उघडून ताटकळत बसतील.

ग्लक्सइन्फोला एक्स सर्व्हर (स्क्रीनवर खिडक्या दाखवणारा प्रोग्राम) लागतोच, म्हणून एसएसएचवर तो सोडून द्या. ओपनजीएलच्या माहितीसाठी ईजीएलइन्फो वापरा, त्याला डिस्प्लेची गरज नाही. एक्स फॉरवर्डिंग लावून ग्लक्सइन्फो चालवायचा मोह होतो पण त्यात त्या मशीनच्या कार्डाचं खरं चित्र मिळत नाही.

प्रतिसाद ३

सीएलइन्फो (कार्डावर गणितं चालवायच्या सोयीची माहिती देणारी कमांड) पण यादीत घ्या. एनव्हिडियाचा ड्रायव्हर असेल तर तो कॉम्प्युट कॅपेबिलिटी (कार्डाची गणनेची पातळी) छापतो, तुमच्या केप्लरवर ३.५ यायला हवं. पुढे कुणाला कुडा (एनव्हिडिया कार्डावर गणितं चालवायची पद्धत) शिकायचं असेल तर हा आकडा लागेल. एसएमआयच्या वरच्या कोपऱ्यात कुडा व्हर्जन म्हणून जे येतं त्यावरून मशीनवर कुडा टाकलंय असं धरू नका, तो ड्रायव्हर जास्तीत जास्त कुठलं व्हर्जन पेलतो तेवढंच सांगतो.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. आयडी काढले, एक ०एफ०२ निघालं आणि दुसरं १२८७, अगदी तुम्ही म्हणालात तसंच. इंटेलवाल्यांना रेंडर ग्रुपमध्ये टाकल्यावर एसएसएचवरूनही एचडी ५३० दिसायला लागलं. स्क्रिप्टमध्ये आता आयडी, कर्नल ड्रायव्हर आणि डिव्हाइस टाइप असे रकाने वाढवलेत.

राहिला प्रश्न फर्मीवाल्या मशीनचा. ते बाजूला ठेवायचं जिवावर येतंय, एक मशीन म्हणजे दोन मुलांची जागा. त्यावर गोडो कसंही चालेल का?

प्रतिसाद १

चालेल, ठेवा. गोडो ४ मध्ये प्रोजेक्ट करताना रेंडरर (चित्र काढणारा भाग) कम्पॅटिबिलिटी निवडा, त्याला व्हल्कन लागत नाही, ओपनजीएल ३.३ पुरतं. ४७० काढून टाका आणि नूवोवरच राहू द्या, तो फर्मीवर ३.३ च्या वर देतो. ३९० च्या नादी लागू नका, त्याचा सपोर्ट २०२२ च्या शेवटीच संपलाय आणि नवीन कर्नल आलं की तो त्रास देतो. आणि वर्गातल्या सगळ्याच मशीनवर कम्पॅटिबिलिटी ठेवलंत तर अजून बरं, म्हणजे एका मुलाचा प्रोजेक्ट दुसऱ्याच्या मशीनवर तसाच उघडेल. २डी गेमला तेवढं भरपूर आहे.