अलास्का क्रूझ: सिॲटलहून की व्हँकूवरहून? केबिन कुठल्या बाजूची?

शिडवारा:
नमस्कार मंडळी. जूनमध्ये सात रात्रींची अलास्का क्रूझ घ्यायची आहे. सोबत सत्तरीचे आईवडील, सगळ्यांचे पासपोर्ट भारतीय. सिॲटल ते सिॲटल किंवा व्हँकूवरहून एकेरी, असे दोन पर्याय आहेत. ओढ हिमनद्यांची आणि देवमाशांची. बोट लागण्याची भीती कितपत? बाल्कनी कुठल्या बाजूची घ्यावी?

खाडीकाठ:
जहाज नंतर निवडा, आधी मार्ग बघा. सिॲटलची बरीच मोठी जहाजं व्हँकूवर बेटाच्या पश्चिमेकडून, उघड्या पॅसिफिकमधून वर जातात. बोट लागते ती तिथे. व्हँकूवरहून सुटलेलं जहाज बेट आणि मुख्य भूमी यांच्यामधून, जॉन्स्टन सामुद्रधुनीतून जातं. तिथे लाटा फारशा नसतात. पुढे क्वीन शार्लट साउंडचा उघडा पट्टा मात्र त्यांनाही चुकत नाही. केबिन खालच्या मजल्यावर, जहाजाच्या मध्यावर घ्या. बोट लागण्यावरची गोळी घ्यायची ती पोटात ढवळायला लागण्याआधी. आईवडिलांची इतर औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारूनच.

हिमनदीचं नाव कार्यक्रमपत्रिकेत छापलेलं आहे का, तेही बघा. ग्लेशियर बे राष्ट्रीय उद्यानात दिवसाला जास्तीत जास्त दोनच मोठ्या क्रूझ जहाजांना प्रवेश असतो, त्यामुळे प्रत्येक कंपनीला ते जमत नाही. तिथे जहाज धक्क्याला लागत नाही. उद्यानाचे रेंजर बोटीने येऊन जहाजावर चढतात आणि दिवसभर माहिती देतात. नुसतं 'हिमनदी दर्शन' लिहिलं असेल तर कुठली, ते विचारा. हबर्ड हिमनदी असेल तर उत्तमच. ट्रेसी आर्म या चिंचोळ्या खाडीत ऑगस्ट 2025 मध्ये मोठी दरड कोसळून त्सुनामी आली, त्यानंतर जहाजं शेजारच्या एंडिकॉट आर्मकडे वळवली गेली. जुन्या प्रवासवर्णनांवर विसंबू नका.

उत्तररेषा:
व्हिसाचं आधी मार्गी लावा. सिॲटल ते सिॲटल फेरीलाही अमेरिकेसोबत कॅनडाचा व्हिसा लागतो. अमेरिकेच्या 1886 च्या कायद्यामुळे परदेशी झेंड्याच्या जहाजाला अशा फेरीत एखादं परदेशी बंदर घ्यावंच लागतं. म्हणून कॅनडातल्या व्हिक्टोरियाचा थांबा असतो, आणि तो बहुधा संध्याकाळचा, घाईचा. याच कायद्यामुळे सिॲटलला चढून अलास्कातल्या जुनोला कायमचं उतरताही येत नाही.

एकेरी फेरी अलास्कातल्या व्हिटियर किंवा सीवर्डला संपते. तिथून अँकरेजपर्यंत बस किंवा रेल्वे, मग विमान. हा खर्च धरूनच तुलना करा.

हिमकडा:
बाल्कनीच्या बाजूवर जास्त पैसे घालू नका. एकेरी उत्तरेकडे जाताना उघड्या समुद्रात किनारा उजवीकडे राहतो, एवढाच फरक. हिमनदीसमोर जहाज सावकाश वळवतात, दोन्ही बाजूंना दिसतं. त्या वेळी खरं तर वरच्या उघड्या डेकवर असावं.

बर्फाचा कडा कोसळताना आवाज उशिरा पोचतो: एक किलोमीटरवरून सुमारे तीन सेकंदांनी. गडगडाट ऐकून मान वळवली तर खाली उसळलेलं पाणीच दिसतं. एकाच भेगाळलेल्या भागावर नजर ठेवा. लहान तुकडे सुटू लागले की मोठा भाग सुटण्याची शक्यता वाढते. दुर्बीण 8x42 (आठपट मोठं दाखवणारी, 42 मिमी भिंगाची) पुरे. 10x मध्ये हाताची थरथर जास्त जाणवते, आणि कोपर कठड्यावर टेकवलं तर इंजिनाची कंपनंही येतात.

देवमाशांसाठी जुनोहून सुटणारी छोटी बोट घ्या. मोठ्या जहाजावरून बहुतेक वेळा लांबवरचा फवारा तेवढा दिसतो.

खाडीकाठ:
कपड्यांचं राहिलं. हिमनदीवरून उतरणारा वारा जूनमध्येही बोचतो. आत लोकरीचा किंवा सिंथेटिक थर, वर पाणी न शिरणारं जॅकेट. सुती कपडे भिजले की वाळत नाहीत, आणि केचिकन बंदरात पाऊस धरूनच चाला.

उत्तररेषा:
मोबाइल समुद्रात एअरप्लेन मोडवर ठेवा, नाहीतर तो जहाजाचं महागडं नेटवर्क पकडतो. अलास्काची वेळ सिॲटलच्या एक तास मागे आहे, पण जहाजाचं घड्याळ आणि फोनचं घड्याळ नेहमी जुळेलच असं नाही. बंदरावर उतरण्याआधी परतीची वेळ जहाजाच्या घड्याळाप्रमाणे लिहून घ्या आणि साधं मनगटी घड्याळ त्याला लावा. उशीर झाला तर जहाज थांबत नाही, आणि जुनोहून पुढच्या बंदराला जायला रस्ताच नाही. विमान किंवा फेरीबोटच शोधावी लागते.