साध्या गाडीत ‘पॉवर’ टाकणारे नक्की कशाचे पैसे देतात?

खाडीकाठ:
चिपळूण-रत्नागिरी पट्ट्यात कुठल्याही पंपावर गाडी लावा, पोरगा नळी उचलतानाच विचारतो, “पॉवर मारू ना?” आणि निम्मे लोक मान हलवतात. हा धागा त्यांच्यासाठी. वॅगन आर, स्विफ्ट, आय टेन, ॲक्टिव्हा असल्या रोजच्या गाड्यांत ‘पॉवर’, म्हणजे ९५ ऑक्टेनचं महागडं पेट्रोल, घालणं म्हणजे पैसे पाण्यात, असं माझं स्पष्ट मत आहे.

ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे. सिलिंडरमध्ये दाबलेलं मिश्रण ठिणगीची वाट न बघता आपलं आपणच भडकू नये, एवढीच त्याची कामगिरी. एप्रिल २०२० ला बीएस-६ हे प्रदूषणाचे नियम आल्यापासून साधं पेट्रोल किमान ९१ ऑक्टेनचं असतं. कंपनीने इंजिनच ९१ धरून बांधलं असेल तर ९५ पाजून ते वेगळं काय करणार?

आता हिशेब. आमच्याकडे लिटरमागे साधारण सात रुपयांचा फरक पडतो. साधं १०५ धरलं तर ते सात रुपये वसूल व्हायला ॲव्हरेज साडेसहा-सात टक्के वाढायला हवं. १८ देणारी गाडी १९ च्या पुढे जायला हवी. कोणाची गेली असेल तर सांगा, त्याच्या गाडीला हार घालतो. महिन्याला तीस लिटर जाळणाऱ्याचे वर्षाला अडीच हजार जातात. तेवढ्यात ऑइल बदलून होतं.

घाटवाला:
सरसकट विधान करू नका हो. माझी टर्बो आहे, म्हणजे इंजिनात हवा जास्त दाबाने कोंबणारी. मे महिन्यात साखरप्याहून आंबा घाट चढताना गाडीत पाच माणसं, डिकीत पेट्या, एसी चालू. साध्या पेट्रोलवर वळणातून बाहेर पडताना गाडी क्षणभर दम खाते, ९५ वर खात नाही. कारणही साधं आहे. मिश्रण आधीच भडकलं की इंजिनात टकटक होते, ती ओळखायला नॉक सेन्सर असतो. टकटक जाणवली की ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, ठिणगीचं टायमिंग मागे घेतो, पिकअप पडतो. ऑक्टेन चांगलं असेल तर टायमिंग मागे घ्यावंच लागत नाही. सपाटीवर रत्नागिरी ते पावस करणाऱ्याला हे कधीच कळणार नाही.

खाडीकाठ:
मी ज्या गाड्यांची नावं लिहिली त्यात टर्बो कुठली आहे? तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये ९५ लिहिलं असेल तर खुशाल टाका. वॅगन आरवाल्याने तुमचं बघून का टाकावं, हा प्रश्न आहे.

सावंतवाडीकर:
अरे मेल्यांनो, सात रुपये जास्त देवन गाडी काय उडान जातली? आमी आपले पत्रादेवीच्या पलीकडे जावन साधाच भरतंव. गोव्यात टॅक्स कमी, थंयच आमचो फायदो.

चाकरमानी:
तुम्ही सगळे ऑक्टेनवर भांडताय, मुद्दा इथेनॉलचा आहे. माझी गाडी २०१४ ची, गुहागरच्या घरी असते. गणपतीनंतर झाकून ठेवतो ती थेट शिमग्याला बाहेर निघते. आता सगळीकडे २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा जवळजवळ एक तृतीयांशाने कमी. नीती आयोगाच्याच २०२१ च्या अहवालात १० टक्के इथेनॉलसाठी जुळवलेल्या जुन्या चारचाकींचं ॲव्हरेज सहा-सात टक्क्यांनी घटेल असं लिहिलंय. म्हणून मी म्हणतो, जुन्या गाडीला महाग पेट्रोलच बरं.

आकडेमोड:
चाकरमानी, अर्धं बरोबर, पण निष्कर्ष चुकला. ९५ वालं ‘पॉवर’ घेतलंत म्हणून इथेनॉल टळत नाही, त्यातही ते असतंच. टाळायचं तर १०० ऑक्टेनवालं शोधा. इंडियन ऑइलने डिसेंबर २०२० मध्ये ते काढलं तेव्हा दिल्लीत १६० रुपये लिटर होतं. गुहागरात ते कुठे मिळणार?

आणि खाडीकाठ, तुमचंही ९१ आता जुनं झालं. ई-२० च्या, म्हणजे या २० टक्के इथेनॉलवाल्या पेट्रोलच्या भारतीय मानकात किमान ऑक्टेनच ९५ आहे, कारण इथेनॉलचं स्वतःचं ऑक्टेन १०८ च्या आसपास. पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ च्या खुलाशात हेच मिरवलं होतं. म्हणजे साध्या नळीतून ९५ येत असेल, तर शेजारच्या ९५ च्या नळीला सात रुपये जास्त कशाचे? उरतं फक्त इंजिन साफ ठेवणारं ॲडिटिव्ह. घाटवाल्यांनी यावर बोलावं.

घाटवाला:
कागदावर ९५ असेल. मला फरक जाणवतो.

आकडेमोड:
गाडीला जाणवतो की पाकिटाला? बायकोला न सांगता साधं भरायला सांगा आणि मग चालवून बघा.

घाटवाला:
बायकोला न सांगता भरायला कसं सांगू? 😀 पण गंमत सोडा, टर्बोला ऑक्टेन लागतं हे तुम्हीही नाकारत नाही. आणि मंत्रालय म्हणालं म्हणून सावर्ड्याच्या पंपावर तेच पडतंय, हे मी कशावरून धरू?

कुडाळचो मेस्त्री:
गॅरेजात बसून हे सगळं वाचतोय. दोन-तीन गोष्टी सांगतो, पटल्या तर घ्या.

टकटकीची तक्रार घेऊन येणाऱ्या बहुतेक गाड्यांत पेट्रोलचा दोष नसतो. लोक घाटात चौथ्या गिअरमध्ये कण्हत गाडी चढवतात, गिअर उतरवायला जीव जातो त्यांचा. त्यांना आधी गिअर बदलायला सांगतो. नाहीतर प्लग चुकीचा, नाहीतर आत कार्बन.

ॲडिटिव्हचा उपयोग आहे, खोटं कशाला बोलू. साध्या इंजेक्शनच्या गाडीत इंजेक्टर मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या बाहेर हवेच्या वाटेवर असतो, पेट्रोल व्हॉल्व्हच्या पाठीवरून धुऊन जातं, तिथे थोडं साफ राहतं. पण बऱ्याच नव्या टर्बोत पेट्रोल थेट सिलिंडरात उडतं. व्हॉल्व्हला ते लागतच नाही, मग धुणार काय? म्हणजे सगळ्यात हौसेने पॉवर टाकणाऱ्यांनाच व्हॉल्व्ह साफ होण्याचा फायदा नाही. इंजेक्टर साफ राहील तेवढंच.

पावसात खरी भीती पाण्याची. इथेनॉल पाणी ओढतं. पाणी मर्यादेबाहेर गेलं की इथेनॉल पाण्याबरोबर पेट्रोल सोडून तळाला बसतं. मागच्या श्रावणात एका स्कूटरच्या टाकीतलं पाण्याच्या बाटलीत काढलं होतं, खाली बोटभर गढूळ थर आणि वर पिवळसर पेट्रोल. गाडी तो खालचा थर ओढत होती, सुरू कशी होणार? अशा वेळी नळी साधी होती की पॉवरची, काही फरक पडत नाही. पंपाची जमिनीतली टाकी कशी राखलीय ते महत्त्वाचं.

आंबेवाली:
मेस्त्रींनी बोलायचं ते बोलले. माझी तक्रार वेगळी. निवड करायला पंप देतो कुठे? गणपतीत हायवेवरच्या एका पंपावर “साधं संपलं, पॉवरच आहे” हे ठरलेलं उत्तर. मागे मुंबईच्या गाड्यांची रांग, पुढचा पंप किती लांब माहीत नाही, गप भरावं लागतं. माझ्या व्हॅनला आंब्याच्या सीझनमध्ये दर दिवसाआड पेट्रोल लागतं, तिथे सात रुपये म्हणजे थेट पेटीच्या नफ्यातून जातात.

शंका आली तर पंपावर फिल्टर पेपर मागायचा, नळीचं तोंड पुसून एक थेंब टाकायचा. उडून गेल्यावर डाग राहिला तर भेसळ असू शकते. पाच लिटरचं मापही मागता येतं. मी मागते. आधी तोंड वाकडं करतात, मग देतात.

चाकरमानी:
मेस्त्री, मग माझ्या उभ्या गाडीचं काय? शंभरवालं इथे मिळत नाही, आणि ९५ मध्ये इथेनॉल आहेच म्हणता.

कुडाळचो मेस्त्री:
साधंच भरा, पण झाकण्याआधी टाकी फुल करा. आत हवा कमी तर दमटपणाही कमी. बॅटरीची निगेटिव्ह काढून ठेवा. आणि घरात जे कोणी असेल त्याला पंधरा दिवसांतून एकदा वायर जोडून गाडी सुरू करायला सांगा. नुसतं सुरू करून बंद नको, तिठ्यापर्यंत नेऊन आणायला सांगा. बॉनेटमध्ये डांबराच्या गोळ्या ठेवा, कारण उभ्या गाडीची वायर उंदीर खातात. त्यांचं बिल पेट्रोलपेक्षा मोठं येतं.