मदत हवी आहे: चार फुटी फिश टँकसाठी लाकडी स्टँड, सुतार म्हणतो प्लायची पेटी पुरेल

नमस्कार मंडळी, नेरूळला राहतो, सिडकोची जुनी बिल्डिंग, दुसरा मजला. हॉलमध्ये 4 फूट लांब, दीड फूट रुंद, 2 फूट उंच टँक ठेवायचाय, काच 12 एमएम. दोन ऑस्कर आहेत, आत्ताच्या टँकमध्ये त्यांना धड वळता पण येत नाही, आणि हा मासा फूटभर होतो, त्यामुळे टँक मोठा हवाच. अडलंय ते स्टँडपाशी.

वजन काढून बघितलं. 12 घनफूट म्हणजे साधारण 340 लिटर, वरचे दोन इंच रिकामे सोडले तरी 310 किलो नुसतं पाणी. काच 80 किलोच्या आसपास, वाळू-दगड 40 धरा, खाली संप, म्हणजे फिल्टरची वेगळी टाकी, ठेवणार त्याचं पाणी वेगळं. स्टँड धरून अर्धा टन, आणि ते सगळं सहा चौरस फुटांत.

आमचा सुतार कपाटं, किचन ट्रॉल्या फार सुंदर करतो, हात चांगला आहे त्याचा. पण तो म्हणतोय 18 एमएम कमर्शियल प्लायची पेटी करू, वरून सनमायका, चार माणसं उभी राहिली तरी हलणार नाही. अहो पण माणसं उभी राहून खाली उतरतात, टँक वर्षानुवर्षं तिथेच बसणार, शिवाय ऑस्करला खायला टाकलं की पाणी उडतंच, आणि कमर्शियल प्लायला सतत पाणी लागलं की ते फुगतं, पदर सुटतात. त्या पेटीत वरचा पाट बाजूंना फक्त स्क्रूने धरलेला असला तर सगळं वजन स्क्रूवर येणार, ते मला अजिबात नकोय.

माझ्या डोक्यात असं आहे की 3 बाय 3 इंचाचे चार पाय, वर 2 बाय 4 इंची चौकट आणि ती थेट पायांच्या डोक्यावर बसलेली, म्हणजे लाकडाचं वजन लाकडावर, स्क्रू आणि फेविकॉल फक्त जागेवर धरायला. आता विचारायचंय ते हे की पुढच्या बाजूला मध्ये पाचवा पाय लागेल का, कारण तो आला की संप आत-बाहेर करता येणार नाही. आणि लाकूड कुठलं घेऊ? नवीन सागवान बजेटच्या बाहेर जातंय, मलेशियन साल चालेल का, की नौपाड्यात वगैरे जुन्या इमारती पाडतात तिथलं जुनं सागवान शोधू? आणि हॉलमध्ये नक्की कुठे ठेवू, स्लॅबची काळजी वाटते, खाली म्हातारे काका-काकू राहतात.

प्रतिसाद:
दादा, तुमचा विचार बरोबर आहे, पाचवा पाय पुढे नको. फक्त वरची 2 बाय 4 उभी लावा, 4 इंचाची बाजू उंचीला. पट्टीची उंची दुप्पट केली की ताठरपणा आठपट होतो, आडवी टाकलीत तर तेच लाकूड मध्ये झुकेल. मनाला बरं वाटत असेल तर मागच्या बाजूला एक पाय द्या, तिथे कशाला अडत नाही. पाय दबून मोडतील ही भीती सोडा, 3 बाय 3 खूप झालं, खरा धोका स्टँड तिरका होऊन कलंडायचा असतो. म्हणून पाठीला 12 एमएम मरीन प्लाय पूर्ण ठोका, शीटवर आयएस 710, म्हणजे मरीन प्लायचा मानक क्रमांक, छापलेला बघून घ्या. खालीही पूर्ण चौकट द्या, नाहीतर चार टोकांवर भार येऊन टाइल तडकते. जागा बीमच्या कडेला, लांब बाजू भिंतीला लागून, हॉलच्या मधोमध नाही. जुनी बिल्डिंग आहे तर एकदा स्ट्रक्चरल इंजिनियरला दाखवाच.

प्रतिसाद:
मलेशियन साल चालेल, दाराच्या चौकटी त्याच्याच करतात की. फक्त वाळलेलं आणि सरळ बघून घ्या. जुनं सागवान मिळालं तर उत्तम, पण आतले खिळे काढून, वाळवी बघून. पॉलिश जोडणीच्या आधी करा, कापलेल्या टोकांना दोनदा, आपल्याकडच्या पावसाळ्यात ओल टोकातूनच शिरते. टँकखाली अर्ध्या इंचाचं थर्माकोल टाका. आणि पाणी एका दमात भरू नका, अर्धं भरून रात्रभर ठेवा, लेव्हल बघा, मग पुढे.

धागाकर्ता:
दोघांचेही मनापासून आभार, उभ्या पट्टीचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मागे पाय देतो, पुढून मोकळं ठेवतो, इंजिनियरचं सोसायटीत विचारतो. आता एकच राहिलं, संप अडीच फुटी घेतोय, सव्वा फूट उंच, तर त्याच्या वर हात घालून फिल्टरचा स्पंज काढायला किती जागा सोडू? स्टँड अडीच फूट उंच केला तर वरची चौकट जाऊन दहा इंच तरी सुटतात का बघतोय, पण टँक फार वर जायला नको, बाबांना खुर्चीत बसून मासे दिसले पाहिजेत. शनिवारी सुतार माप घ्यायला येतोय, कोणाकडे असा स्टँड असेल तर आतला फोटो टाका प्लीज.