सोर्स खुला आहे म्हणून ॲप बिल्ड होतंच असं नाही

सड्यावरचा (गुहागर)
काल इथे एकाने भरती-ओहोटीच्या ॲपबद्दल लिहिलं: "सोर्स खुला आहे. अँड्रॉइड स्टुडिओ टाका, रेपो क्लोन करा, रन दाबा. अर्ध्या तासाचं काम. तेवढंही जमत नसेल त्यांनी बदल सुचवू नयेत." म्हणजे रेपोत, ॲपच्या कोडाच्या साठ्यात, सगळा कोड आहे, तो उतरवा आणि ॲप स्वतः बिल्ड करा, म्हणजे कोडातून तयार करा. उत्तर लांबलं म्हणून वेगळा धागा काढतोय.

अर्धा तास कुणाचा? ज्याच्या मशीनवर एसडीके (अँड्रॉइडची साधनं), जेडीके (जावाची साधनं), ग्रेडलचा (ॲप बिल्ड करणाऱ्या प्रोग्रामचा) कॅशे म्हणजे उतरवलेल्या फाइलींचा साठा, सगळं आधीच बसलंय त्याचा. नव्या माणसाला स्टुडिओच जीबीच्या घरात, वर प्लॅटफॉर्म, बिल्ड टूल्स, एम्युलेटरची (कॉम्प्युटरवरच्या नकली फोनची) इमेज. पहिल्या सिंकला ग्रेडल ओढतो ते निराळंच. जुलैत आमच्याकडे लाइट गेली की थोड्या वेळाने टॉवरही जातो आणि अर्धवट डाउनलोड पुन्हा पहिल्यापासून.

एवढं करून एका शिकणाऱ्या पोराला काय दिसलं? "अनसपोर्टेड क्लास फाइल मेजर व्हर्जन ६१." ६१ म्हणजे जावा १७, हे शिकणाऱ्या पोराला कुठून कळणार? रॅपरमध्ये (ग्रेडलची आवृत्ती ठरवून ती उतरवणाऱ्या फाइलींत) ग्रेडल ६.७, त्याला जावा १७ चालत नाही. मशीनवर जेडीके ११ हवा होता. रीडमीत (कोडासोबतच्या माहितीच्या फाइलीत) एका ओळीने भागलं असतं. त्या पोराला खाडीच्या आतल्या जेट्टीसाठी भरतीची वेळ पुढे सरकवायची होती, कारण मुखापाशी भरती येते तेव्हा आत यायला वेळ लागतो. हे त्याला माहीत आहे, ॲप लिहिणाऱ्याला नाही. आणि त्यानेच बदल सुचवायचा नाही?

ठाण्याचा_चाकरमानी
ती पोस्ट माझी. मागे घेत नाही.

हे ॲप मी नोकरी सांभाळून, रात्री जागून, फुकट लिहिलंय. रॅपर रेपोत मुद्दाम ठेवलाय, म्हणजे ग्रेडलची आवृत्ती आपोआप ठरते. पुढचं वाचणं वापरणाऱ्याचं काम. एरर जसाच्या तसा शोधला की पहिल्याच पानावर उत्तर मिळतं. मलाही कुणी हात धरून शिकवलं नव्हतं. जेडीकेची ओळ राहिली, मान्य. पण एका ओळीसाठी एवढा धागा?

नेट नाही तर घरी बिल्ड करताच कशाला? गिटहब ॲक्शन्स (गिटहबच्या सर्व्हरवर बिल्ड करायची सोय) सार्वजनिक रेपोला फुकट आहे. कोड ढकला, तयार एपीके (फोनवर टाकायची ॲपची फाइल) उतरवा.

सड्यावरचा (गुहागर)
एक रंग बदलायचा, कोड ढकलायचा, रांगेत थांबायचं, एपीके उतरवायचं, बघायचं, परत. फोन यूएसबीला लावून समोर लॉग बघत शिकणं आणि हे एकच वाटतं तुम्हाला? तयार एपीके हवं असतं तर स्टोअरवरूनच घेतलं असतं. आणि बिल्ड फाइलीत जेसेंटर (ॲपला लागणारा तयार कोड पुरवणारं ऑनलाइन कोठार) अजून तसंच आहे. ते बंद होणार हे २०२१ मध्येच जाहीर झालं होतं.

मालवणचो_मास्तर
डाउनलोडाचा रडगाणा पुरे, बाबांनो. एका मशीनवर एकदाच उतरवा. मग ग्रेडलच्या होम फोल्डरमधला मॉड्यूल्सचा कॅशे आणि रॅपरचं डिस्ट्रिब्युशन हार्ड डिस्कवर घ्या, दुसऱ्या मशीनवर त्याच जागी ठेवा आणि बिल्डला ऑफलाइनचा पर्याय द्या. ग्रेडल ६.१ पासून हा कॅशे हलवता येतो. एसडीकेचं फोल्डरही तसंच न्या, फक्त लोकल प्रॉपर्टीज फाइलीतला त्याचा मार्ग बदला. एम्युलेटर तर नकोच. आठ जीबी रॅममध्ये स्टुडिओच कसाबसा चालतो, फोन वापरा.

माझा राग दुसरीकडे आहे. तालुक्यातल्या एका कॉलेजात लॅबच्या मशीनवर ॲडमिनचा पासवर्ड फक्त एका माणसाकडे, आणि तो आठवड्यातून एकदा उगवतो. पोरं जेडीके टाकणार कधी? अभ्यासक्रमात मोबाइल ॲप आहे, परीक्षाही आहे. ॲप कागदावर लिहून घेतात!

ठाण्याचा_चाकरमानी
बघा, म्हणूनच मुलं मुंबई-पुण्याला येतात. दोष माझ्या रीडमीचा नाही. गावात राहून हे होत नाही, हे एकदा स्वीकारा.

खाडीकाठची (रत्नागिरी)
इथे मात्र बोलावंच लागेल. गणपतीला यायचं, पाच दिवस मोदक खायचे, नेट नाही म्हणून कुरकुर करायची आणि जाताना "गावात काही होत नाही" सांगून गाडी पकडायची. मी रत्नागिरीतच बसून ॲप बनवते, माझ्या ग्राहकांना कधी पत्ता विचारावासा वाटला नाही. जून-जुलैत मासेमारी बंद असते, त्या दोन महिन्यांत घरी असलेली कितीतरी पोरं शिकायला तयार असतात. त्यांना चालेल असं लिहून ठेवा एवढंच मागणं आहे. त्यावर गाव सोडा म्हणता?

ठाण्याचा_चाकरमानी
मोदकावर जाऊ नका. गावच्या घराची कौलं मीच बदलतो दरवर्षी. म्हातारी आई तिथे आहे म्हणून हे ॲप लिहिलं, शेजारचे होडीवाले विचारायचे म्हणून. आम्हाला सरसकट पाहुणे ठरवणं बंद करा.

खाडीकाठची (रत्नागिरी)
आईसाठी लिहिलंत हे चांगलं. मग शेजारच्या होडीवाल्याच्या मुलाला "बदल सुचवू नयेत" हे कोणत्या तोंडाने सांगता?

आणि एक गोष्ट रीडमीत ठळक टाका. स्वतः बिल्ड केलेल्या ॲपची डिजिटल सही वेगळी असते, ते स्टोअरवाल्या ॲपवर बसत नाही. आमच्या ओळखीच्या एकाने जुनं काढून नवं टाकलं, त्यात त्याने वर्षभर लिहिलेल्या जाळ्यांच्या नोंदी गेल्या. डीबग बिल्डचा (चाचणीसाठी बनवलेल्या ॲपचा) ॲप्लिकेशन आयडी, म्हणजे फोन ज्यावरून ॲप ओळखतो ते नाव, वेगळा ठेवा, दोन्ही शेजारी राहतील.

ठाण्याचा_चाकरमानी
आयडीचं पटलं, करतो. जेडीके ११ची ओळ आज टाकतो, जेसेंटरही काढतो. "सुचवू नयेत" हे वाक्य पोस्टमधून काढलं, तुमच्या आग्रहाखातर. पण मास्तरांची हार्ड डिस्क मान्य नाही. कुणाच्या मशीनवरच्या जार फाइली (जावाच्या तयार कोडाच्या) डोळे मिटून घ्यायच्या? त्यात काय घुसलंय कोण बघणार?

मालवणचो_मास्तर
ग्रेडल बघणार. ६.२ पासून डिपेंडन्सी व्हेरिफिकेशन, म्हणजे बाहेरून घेतलेल्या फाइलींची तपासणी, आहे. तुमच्या मशीनवर चेकसमची (फाइल बदलली का ते दाखवणाऱ्या आकड्यांची) फाइल बनवा, रेपोत टाका. एकही जार बदलली तर बिल्ड थांबेल. रॅपरच्या झिपचा चेकसमही त्याच्या प्रॉपर्टीज फाइलीत लिहिता येतो. ती फाइल तुम्हीच देऊ शकता, आम्ही नाही. कधी देताय?

ठाण्याचा_चाकरमानी
रविवारी. त्याआधी विचारू नका.