अनुभव धागा : बाळाचं वरचं खाणं सुरू करताना

माझ्या धाकट्या बहिणीचं बाळ पुढच्या महिन्यात ६ महिन्यांचं होईल. उष्टावणाची तारीख ठरली, आणि सल्ल्यांचा नुसता पाऊस पडतोय. डाळीचं पाणी दे, नको देऊ. गाईचं दूध दे, नको देऊ. अमक्याच्या नातवानं चौथ्या महिन्यातच भात खाल्ला. ती बिचारी रडकुंडीला आलीये.

म्हणून हा धागा. तुमच्या घरात काय झालं ते लिहा. पहिल्यांदा काय दिलं, कोणी भरवलं, कुठं अडलं, काय उपयोगी पडलं. गाव आणि बाळाचं वय सांगा, नावं नकोत.

माझ्यापासून सुरुवात करते. आमच्याकडे लेकीचं उष्टावण मामाच्या मांडीवर झालं. खीर फक्त ओठाला लावली, कारण वर्षाच्या आत साखर-मीठ नको हे घरात आधीच ठरलं होतं. दुसऱ्या दिवसापासून मऊ भात, मुगाचं वरण आणि वर थोडं तूप. पहिला आठवडा दोन-तीन चमचेच जायचे आणि त्यातले निम्मे हनुवटीवरून लाळेऱ्यावर. तेवढं पुरतं. दूध चालूच असतं, पोट त्यावरच भरत असतं. माझं मत ठाम आहे : काय द्यायचं आणि केव्हा द्यायचं हे आपण ठरवावं, किती खायचं हे बाळानं. तोंड फिरवलं की वाटी बाजूला.

नागपूर, ११ महिन्यांच्या मुलाची आई
नाचणीबद्दल सविस्तर लिहिते, कारण सत्व म्हटलं की प्रत्येक घरी वेगळंच काहीतरी करतात. माझी आई नाचणी भिजवून वाटायची, कपड्यातून दूध गाळायची, ते निवळलं की वरचं पाणी टाकून खालचा साका वाळवायची. ते पचायला हलकं, पण कोंड्याबरोबर बरंच काही चोथ्यात जातं. मी मोड आणते. नाचणी निवडून धुवायची, रात्रभर भिजवायची, पाणी उपसून सुती फडक्यात बांधून ठेवायची. उन्हाळ्यात दीड दिवसात पांढरे बारीक मोड येतात, थंडीत जास्त वेळ लागतो. मग सावलीत कडकडीत वाळवून, मंद आचेवर भाजून दळायची आणि बारीक चाळणीतून चाळायची.

याचा एक फायदा मला आहारतज्ज्ञ ताईंनी समजावला. मोड आले की पिठातला स्टार्च थोडा मोडतो, त्यामुळे लापशी लवकर घट्ट होत नाही आणि तेवढ्याच वाटीत पीठ जास्त मावतं. इवल्या पोटाला तेच हवं असतं. शिवाय लोहही अंगी जास्त लागतं.

जव्हार, अंगणवाडी सेविका
ताई, धागा काढलात ते बरं झालं. आमच्या पाड्यांवर वजन करायला बाळ आणलं की मी आईला पहिलं विचारते, "काय भरवतेस?" उत्तर ठरलेलं : डाळीचं पाणी, भाताची पेज. पोट भरतं, पण अंगाला काही लागत नाही. मी वाटी आणि चमचा हातात घेऊनच दाखवते. चमचा तिरका केला की पातळ पेज लगेच ओघळते. घट्ट खिमट चमच्याला धरून राहतं. असं घट्ट द्यायचं. वरणातलं खालचं दाट घ्यायचं, कुस्करायचं, त्यात चमचाभर तेल किंवा तूप घालायचं. अंडं पूर्ण उकडून, मळून. अंड्यासाठी वर्षभर थांबायची गरज नाही.

६ ते ८ महिन्यांच्या बाळाला दिवसातून २-३ वेळा, ९ महिन्यांनंतर ३-४ वेळा आणि मधे काहीतरी छोटं. लोहाचं औषध आठवड्यातून दोनदा, १ मिली. शी काळी होते, म्हणून आया घाबरून बंद करतात. काळी होणारच, घाबरू नका.

आमचा खरा प्रश्न दिवाळीनंतर सुरू होतो. आईबाप वीटभट्टीवर जातात, बाळ बरोबर जातं. भट्टीवर चूल पेटते ती पहाटे आणि रात्री, मधल्या वेळी कोण शिजवणार? मी निघण्याआधी त्यांना भाजलेल्या तांदूळ-मुगाचं पीठ करून न्यायला सांगते. डबा कोरडा ठेवला तर टिकतं, उकळत्या पाण्यात थोडा वेळ शिजवलं की झालं. ज्या आया ते नेतात त्यांची बाळं होळीला परत येतात तेव्हा वजनकाट्यावर फरक दिसतो. मला त्या दिवसाची वाट असते.

कोल्हापूर, आजी
आमच्या वेळी बाळाला मध चाटवायचे, गुटी तर दुसऱ्या आठवड्यापासून. सहाणेवर वेखंड, मुरडशेंग, हळकुंड, जायफळ, एकेकाचे ठरलेले वेढे. सुनेनं सांगितलं की आई, सहा महिने दुधाशिवाय काही नको आणि मध वर्षभर नको. मी डॉक्टरांनाच विचारलं. ते म्हणाले, मधात एका जंतूचे बीजाणू असू शकतात, मोठ्या माणसाला काही होत नाही, पण वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात ते वाढून विष तयार करू शकतात आणि बाळ लुळं पडू शकतं. एवढं ऐकल्यावर प्रश्नच मिटला. सहाण मी ठेवलीय. सहा महिन्यांनंतर त्यावर भिजवलेला बदाम आणि खारीक उगाळून खिमटात घालते. नातीला आवडतं आणि माझ्याही हाताला काम मिळतं.

पुणे, दीड वर्षाच्या मुलीचे बाबा
बायकोची २६ आठवड्यांची रजा संपली आणि वरचं अन्न सुरू झालं, दोन्ही एकाच पंधरवड्यात. दुपारचं भरवणं माझ्याकडे आलं. एक नियम सुरुवातीलाच केला : जेवताना मोबाईल नाही, तिलाही नाही आणि मलाही नाही. जमिनीवर जुनी चादर, तिला आधार देऊन बसवायचं, समोर तिची वाटी आणि शेजारी माझं ताट. उकडलेल्या गाजराचा लांब तुकडा तिच्या हातात. बोटांनी चिरडला जाईल इतका मऊ. कपाळापर्यंत वरण लागायचं. भरवायला कधी पाऊण तास लागायचा, कधी पाच मिनिटांत तोंड मिटायची.

आईचं दूध काढून ठेवलेलं असायचं, ते वाटी-चमच्यानं किंवा बोंडल्यानं पाजायचो. बाटली घरात आणलीच नाही.

सोलापूर, बालरोग विभागातील परिचारिका
बाबांनी मऊ तुकडा लिहिलाय ते फार महत्त्वाचं. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं, कच्च्या गाजराचा तुकडा लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. द्राक्षाचे उभे चार काप करा. शेंगदाण्याचा बारीक कूट करा.

घास घशाशी आला की बाळ ओकारी काढतं, लाल होतं, खोकतं. आवाज निघतोय तोवर त्याला खोकू द्या, तोंडात बोट घालू नका. आवाजच बंद झाला, रडू फुटेना, ओठ निळसर झाले, तर वेळ घालवू नका. वर्षाच्या आतलं बाळ असेल तर हातावर पालथं घ्यायचं, डोकं छातीपेक्षा खाली, दोन खांद्यांच्या मधे तळहाताच्या टाचेनं ५ थापा. नाही निघालं तर उताणं करून छातीच्या मधोमध ५ दाब. परत थापा. तोंडात डोळ्यांना दिसली तरच वस्तू काढा. दुसऱ्याला १०८ लावायला सांगा. हे घरातल्या प्रत्येकाला, बाळ सांभाळणाऱ्या मावशींनासुद्धा, एकदा बाहुलीवर करून दाखवा. मी कळकळीनं सांगतेय.

लंडन, ८ महिन्यांच्या मुलाची आई
काकू, कुटाचा विषय निघाला म्हणून लिहिते. इकडे शेंगदाण्याच्या अॅलर्जीची फार भीती असते. २०१५ मध्ये इथल्याच एका मोठ्या अभ्यासातून दिसलं की अॅलर्जीचा धोका जास्त असलेल्या बाळांना लवकर शेंगदाणा खाऊ घातला तर ती अॅलर्जी होण्याचं प्रमाण बरंच कमी होतं. माझ्या मुलाला अंगावर एक्झिमा (खाज सुटणारे कोरडे चट्टे) होता, म्हणून आधी डॉक्टरांना विचारलं, मग पाव चमचा बारीक कूट पेजेत कालवला, तोही सकाळी, म्हणजे दिवसभर लक्ष ठेवता येईल. काही झालं नाही. आता आठवड्यातून दोन-तीनदा देते. सासूबाईंनी जळगावहून पाठवलेला कूट आहे.

नाशिक, अपुऱ्या दिवसांच्या मुलीची आई
आमची ३२ आठवड्यांची. कॅलेंडरनं सहा महिने भरले तेव्हा ती मान नीट सावरत नव्हती, चमचा लावला की जीभ बाहेर ढकलायची. डॉक्टर म्हणाले, तारखेपेक्षा तिच्याकडे बघा. मान स्थिर झाली, आधारानं बसायला लागली, माझ्या ताटाकडे झेपावायला लागली, तेव्हा सुरू केलं. लोहाचे थेंब मात्र खूप आधीपासून चालू होते. अशा बाळांच्या आयांनी शेजारच्या बाळाशी तुलना करू नये, जीव नुसता टांगणीला लागतो.

रत्नागिरी, ७ महिन्यांच्या मुलाची आई
एक विचारायचं होतं. पुढच्या आठवड्यात एसटीनं मुंबईला जायचंय, आठ-नऊ तास. खायला काय नेऊ?

धागाकर्ती
केळं सगळ्यात सोपं, तिथल्या तिथे कुस्करता येतं. जव्हारच्या ताईंनी लिहिलंय तसं पीठ घरीच शिजवून छोट्या थर्मासमध्ये गरम भरा आणि दोन तासांच्या आत संपवा, उरलेलं ठेवू नका. त्यानंतर केळं आणि अंगावरचं दूध. वाटी-चमचा उकळून स्वच्छ डब्यात, हात धुवायला वेगळी पाण्याची बाटली. थांब्यावरचं दूध किंवा बिस्किटं नकोत. आणि पुढच्या बाजूची सीट मागून घ्या, मागे धक्के फार बसतात, घाटात भरवू नका.